लॅपटॉपात अडकलेली माणसं

६ नोव्हेंबर, गुरुवार

सत्यानाश! दुसरा शब्द नाही.

तीन वर्षांचं काम गेलं. दोन बोटांनी टाइप केलेली दोनशे चौदा पानं! डिसेंबरात आमच्या चर्चला दीडशे वर्षं होतात, त्याचा इतिहास – कोणती घरं कुठून आली, पहिली शाळा कुणाच्या गोठ्यात भरली, कुणाला विहिरीवर येऊ दिलं नाही – सगळं त्या लॅपटॉपात. आणि लॅपटॉप काळा! काळ्या पडद्यावर इंग्रजीत एकच पांढरी ओळ : ऑपरेटिंग सिस्टीम सापडत नाही. सापडत नाही म्हणजे? काल संध्याकाळपर्यंत होती ना!

सगळं क्रमानं लिहून ठेवतो, म्हणजे पुढं कुणी शब्द फिरवायला नको.

नगरच्या छापखान्यानं सांगितलं, तुमचा जुना फॉन्ट आमच्याकडं चालत नाही, नव्या पद्धतीत बदलून द्या. नवी पद्धत माझ्या जुन्या विंडोजवर चालत नाही. झालं! सूनबाई पुढं सरसावल्या. 'पप्पा, मी नवीन विंडोज टाकते. सेंटरवर रोज टाकतो आमी.' मरिया इथंच तिसगावात ऑनलाईन सेंटरवर कामाला आहे, लोकांचे उतारे-दाखल्यांचे फॉर्म भरते. फॉर्म भरणं वेगळं आणि हे वेगळं, हे मी तेव्हाच बोललो होतो. सकाळी साडेनऊला तिनं पेनड्राइव्ह खुपसला. लॅपटॉप आतल्या खोलीत माझ्या टेबलावर, नेहमीसारखी दाराजवळच्या बोर्डावरनं लांब वायर ओढून. (बॅटरी फुगली म्हणून दिवाळीआधीच काढून टाकलीय, वायरवरच चालवतो.) टक्के पळायला लागले आणि बाई कामावर निघून गेल्या! 'दोन-तीन तास लागतील पप्पा, हात लावू नका.'

मी कशाला हात लावतोय? लावलाही नाही. मला शेवगावला मातीला जायचं होतं, कल्याणराव गेले. सतरा वर्षं एका शाळेत काढली आम्ही. दाढी केली, पांढरा शर्ट घातला, मागचं दार लावलं, नेहमीप्रमाणं सगळी बटनं बंद केली, कुलूप लावलं आणि अकराची एसटी धरली. बाहेर पडायच्या आधी एकदा लांबूनच डोकावलो होतो, त्रेचाळीस टक्के झाले होते. बोटसुद्धा लावलं नाही!

पाचला परत आलो तर मरिया लॅपटॉपपुढं बसलेली. तोंड उतरलेलं. 'मधेच करंट तुटला पप्पा. अर्ध्यातच राहिलं.'

करंट तुटला! मी उभ्याउभ्या पाळकसाहेबांना फोन लावला. मग कमिटीच्या तिघांना. सगळ्यांना सांगितलं – सुनेनं घात केला. ती आत जाऊन भाकरी थापायला लागली.

७ नोव्हेंबर

झोप नाही. बारीक ताप वाटतो.

मालनबाई डोळ्यापुढनं हलत नाहीत. एक्क्याण्णव वर्षांच्या होत्या. तीन दुपारी त्यांच्या ओट्यावर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलो होतो, त्या बोलतील तसं टाइप करत. वही नाही, कागद नाही. त्या हसायच्या – 'मास्तर, तुमी कोंबडीवानी टिपताय!' मग एकदम गंभीर झाल्या. 'लोक म्हनत्यात दुष्काळात गव्हापायी बाटले. लिवा मास्तर, माजी आज्जी पाटी-पेन्शिलीपायी गेली.' ईस्टरनंतर दोन आठवड्यांनी त्या वारल्या. आता कुणाला जाऊन विचारू?

अशी अकरा माणसं आहेत त्यात. चार वारली.

८ नोव्हेंबर, शनिवार

जोसेफ चाकणहून आला. दर शनिवारी येतो. पूर्वी आल्यावर आधी माझ्याजवळ बसायचा, हल्ली आधी स्वयंपाकघरात. बाहेर आला तो बायकोचं वकीलपत्र घेऊनच. 'पप्पा, ती कॉपी काढून घेते म्हणाली होती, तुम्हीच नको म्हणालात.'

म्हणालो असेन! लोकांनी विश्वासानं सांगितलेल्या घरातल्या गोष्टी, त्या काय सेंटरवरच्या पेनड्राइव्हवर घालून गावभर फिरवायच्या? त्यात मरिया पुणतांब्याच्या कॅथलिक घरची. आमच्या मंडळीचा इतिहास तिला काय माहीत आणि काय त्याचं सोयरसुतक! लग्नाच्या वेळी मी फक्त एवढंच बोललो होतो की आपल्यातली बघा. जोसेफच्या आईनं, एस्तेरनं मला गप्प बसवलं. 'तुमचं अक्षर मोत्यासारखं, तोंड तेवढं आवरा,' म्हणाली होती. एस्तेर गेली आणि ही चाकणचं बिऱ्हाड मोडून इथं राहायला आली. माझ्यासाठी म्हणे. मी बोलावलं नव्हतं.

१० नोव्हेंबर, सोमवार

चार दिवस ही बाई लॅपटॉपला पेनड्राइव्ह लावते आणि काढते. कसल्या कसल्या कळा दाबते. निळा पडदा येतो, इंग्रजीत दहा ओळी येतात, परत काळा. मी मागं उभा राहिलो की तिचे हात थांबतात. म्हणून मुद्दाम उभा राहतो.

आज म्हणाली, 'पप्पा, मी परत सगळं टाकलं तर चालू होईल, पण आतलं पुसलं जाईल. ते मी करनार न्हाई. शेवगावला दाखवू.'

निदान एवढी तरी अक्कल!

११ नोव्हेंबर

शेवगाव. एसटी स्टँडच्या मागं गोरक्षनाथ नावाच्या माणसाचं दुकान, त्याच्या पुढं मोबाईलच्या कव्हरांच्या माळा. लॅपटॉप मांडीवर घेऊन गेलो, तान्हं पोर न्यावं तसा. खड्डा आला की उचलून धरत होतो. मरियानं रजा काढली होती, शेजारी बसली होती.

गोरक्षनाथनं उलटा केला, आठ स्क्रू काढले, आतनं एक चपटी डबी काढली, बिस्किटाच्या छोट्या पुड्याएवढी. म्हणे ही डिस्क. एवढीशी! दीडशे वर्षं एवढ्यात!

डबी दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडली. मी देवाचं नाव घेत होतो. तो म्हणाला, 'सर, डिस्क ठणठणीत हाय. चालू कामात करंट तुटलाय, म्हनून बोंबललं. त्या टायमाला लाईट गेल्ती का?'

मी म्हटलं, 'लाईट गेली नव्हती! हिनं काहीतरी चुकीचं दाबलं.'

तो मरियाकडं बघायला लागला. ती दुकानाबाहेर रसवंतीच्या घुंगरांकडं बघत होती. म्हणाली, 'करंटच तुटला असंल.' अजून तेच! चोरी पकडली तरी तेच!

डबी ठेवून घेतलीय. परवा या म्हणाला.

१२ नोव्हेंबर

मी छत्तीस वर्षं मुलांची खोटी कारणं ऐकली आहेत. शाई सांडली, वही बैलानं खाल्ली. कारण कसं तपासायचं हे मला शिकवू नका.

सकाळी वायरमन सहादेवला गाठला. माझाच विद्यार्थी, चौथीत दोनदा बसला होता. विचारलं, सहा तारखेला, गुरुवारी, सकाळी दहा ते दुपारी दोन, गावात लाईट गेली होती का? त्यानं खिशातली डायरी काढून बघितली. 'न्हाई सर. सहाला मिन्टभर बी गेली न्हाई. पाचला गेल्ती, ती बी शेताची.'

म्हटलं, लिहून दे.

'काय सर, कशाला?'

लिहून दे! वहीचा कागद फाडला, त्याच्याकडनं लिहून घेतलं, खाली सही घेतली. दोन शुद्धलेखनाच्या चुका आहेत, पण मजकूर स्पष्ट आहे.

कागद जेवताना मरियाच्या ताटाशेजारी ठेवला. तिनं वाचला. माझ्याकडं बघितलं. मग म्हणाली, 'भाजी वाढू का अजून?'

काय म्हणावं ह्या कोडगेपणाला!

१३ नोव्हेंबर, गुरुवार

मिळालं! सगळं मिळालं! देवाची स्तुती असो!

गोरक्षनाथनं दोनशे चौदा पानं बाहेर काढली. एका पेनड्राइव्हवर घालून दिली. लॅपटॉपही परत जोडला, नवीन विंडोज टाकून दिलं, चालतोय. मी त्याचे दोन्ही हात धरले. आजकाल असा कारागीर मिळत नाही.

संध्याकाळी – हे काय आता! फाईल उघडली तर आत मराठी नाहीच. नुसती इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं, टोप्या. पहिल्या पानावर 'तिसगाव येथील ख्रिस्ती मंडळी' असायला हवं, तिथं किडे वळवळतायत. दोनशे चौदा पानं किडे! मालनबाईच्या पानावर किडे!

मरिया म्हणाली, 'फॉन्ट नाही म्हनून, पप्पा. अक्षरं आत हायेत. मी बदलून घेते.'

नको म्हणणार होतो. पण दुसरं कोण आहे?

१५ नोव्हेंबर

मरिया सेंटरवर दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत बसते म्हणे बदलायला. मशीन बदलतं पण जोडाक्षरं मोडतं, रफार तिसरीकडंच जाऊन बसतो. प्रत्येक ओळ वाचून दुरुस्त करावी लागते. आज तीस पानांचे कागद काढून आणले. तपासले. सात चुका सापडल्या. लाल पेनानं गोल केले.

'मालनबाईचं वाचलं पप्पा,' म्हणाली. 'त्या पाटी-पेन्शिलीचं. लई चांगलं लिवलंय तुमी.'

मस्का.

बाथरूमचा दिवा चालू ठेवून गेली. दिवसाढवळ्या! ह्या घरात एक मी सोडलो तर बटन बंद करायची कुणाला सवय नाही. शाळेत मी प्रत्येक वर्गाच्या दारावर पाटी लावली होती : निघताना बटन बंद. छत्तीस वर्षं एकदासुद्धा वर्गात पंखा फुकट फिरला नाही. घरात मात्र पाटी लावायची चोरी.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज झालं एकदाचं.

उपासनेनंतर पाळकसाहेबांनी सूचना वाचल्या. पुस्तक आजच्या आज छापखान्यात जायला हवं होतं, दहा दिवस उशीर होणार, ते गुळमुळीत बोलून पुढं निघाले होते – 'तांत्रिक अडचणीमुळे'. मी उभा राहिलो. म्हटलं, तांत्रिक वगैरे काही नाही. मंडळीनं वर्गणी दिलीय, मंडळीला खरं कारण कळलं पाहिजे. नाहीतर उद्या म्हणतील पीटर मास्तरनं वेळेत काम केलं नाही. आणि सहादेवचा कागद वाचून दाखवला.

कुणीतरी खोकलं.

मग बायकांच्या बाजूला, तिसऱ्या बाकावर मरिया उभी राहिली. पदर डोक्यावरनं पुढं घेतला. 'माझ्या घरातनं चूक झाली. मंडळीनं माफ करावी.' एवढंच. खाली बसली. बाजूच्या बाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला – म्हणजे बघा, सहानुभूती कुणाला!

पाळकसाहेब बाहेर माझ्याजवळ आले. 'सर, एवढं नको होतं.' का नको होतं? न्याय नको होता? व्यासपीठावरनं दर रविवारी सत्य सत्य करतात आणि सत्य समोर आलं की ह्यांना कसंसं होतं.

माझं समाधान झालं. दुपारी झोप लागायला हवी होती. लागली नाही.

१७ नोव्हेंबर

जोसेफ सकाळी न बोलता चाकणला गेला. माझ्या पाया न पडता. पहिल्यांदा.

१९ नोव्हेंबर, बुधवार

मरियानं झाकून ठेवलेल्या डब्यात आज माझ्या आवडीची हुलग्याची जिलबी – म्हणजे शेंगोळे. तिखट बरोबर, लसूण बरोबर, एस्तेर करायची तसंच. कोणी शिकवलं हिला? एस्तेर शेवटी सहा महिने अंथरुणावर होती, तेव्हा ही चाकणहून येऊन-जाऊन असायची, दोघी बोलत बसायच्या, त्यात शिकली असेल.

खाल्ले. चांगले झाले म्हणालो नाही. एका जेवणानं दोनशे चौदा पानं भरून येत नाहीत.

२१ नोव्हेंबर

एकशे नव्वद पानं झाली. आता लाल पेनाला काम उरत नाही. एका ठिकाणी उलट तिनंच बारीक पेन्सिलीनं खूण केलीय : 'पप्पा, पान ३७ वर विहीर १९१२ ला आणि पान १०२ वर १९२१ ला. कुठलं बरोबर?' १९१२ बरोबर. माझी चूक. तीन वर्षांत माझ्या नजरेला पडली नाही. तिनं सगळं वाचलंय तर. नुसते रफार नाही बसवले.

तरी म्हणतो, मुळात घातच केला नसता तर हे करायची वेळ आली नसती.

२३ नोव्हेंबर, रविवार

चर्चला गेलो. मरिया आली नाही, डोकं दुखतं म्हणाली. लोक मला सलाम करतात आणि पुढं जातात. पूर्वी थांबायचे. एका बाईनं मुद्दाम ऐकू जाईल असं विचारलं, 'सूनबाई बऱ्या हायेत ना?'

जोसेफ काल आला नाही. फोन केला, ओव्हरटाइम आहे म्हणे. मग हळूच म्हणाला, 'पप्पा, पुस्तक झालं की मरियाला इकडं घेऊन येतो. खोली बघितलीय.'

न्या! मी काय बांधून ठेवलंय? तिच्या आधी जेवत नव्हतो का मी?

एस्तेरच्या फोटोकडं बघवत नाही आज.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

दोनशे चौदा पानं पूर्ण. उद्या संध्याकाळी नगरला छापखान्यात द्यायची. चौदा डिसेंबरला प्रकाशन. होईल.

आता राहिलं एकच पान – माझे दोन शब्द. चार वेळा लिहिलं. पाळकसाहेबांचे आभार, कमिटीचे आभार, शेवगावच्या गोरक्षनाथांचे विशेष आभार, 'ज्यांच्या कौशल्यामुळे हा ठेवा वाचला'. आणि शेवटी एक वाक्य घातलंय, ते काही केल्या काढणार नाही : 'घरातील एका निष्काळजी हातामुळे हा ग्रंथ नष्ट होण्याच्या बेतात होता, याची नोंद इतिहासाने घ्यावी.' नाव घातलं नाही. घालायची गरज नाही.

नोंद म्हटली की तारीख आणि वेळ बिनचूक पाहिजे. मी त्या दिवशीच सगळं क्रमानं लिहून ठेवलंय. सकाळी मागचं पान काढून बघतो.

२६ नोव्हेंबर

मागचं पान काढलं. सहा तारीख. माझंच अक्षर, मोत्यासारखं : नेहमीप्रमाणं सगळी बटनं बंद केली.

तीनदा वाचलं. मग उठून दाराजवळच्या बोर्डापाशी गेलो. लॅपटॉपची वायर तिथंच होती. तिसरं बटन.

मरिया कामावर निघाली होती, चप्पल घालत होती. विचारलं, 'त्या दिवशी तू दुपारी घरी आलीस, तेव्हा हे बटन –'

'बंद हुतं, पप्पा.'

'मग बोलली का नाहीस?'

'बोलनार हुते. पन तुमी आल्या आल्या फोन लावले. सगळ्यांना सांगून बसला.' दाराकडं बघत म्हणाली. 'मग मंडळीत तुमाला खोटं कसं पाडायचं?'

ती गेली. आभाराचं पान फाडलं. रविवारी उपासनेनंतर मला उभं राहायचंय.